सेनापतींचं सैन्य

पडद्यावर पहिला सैनिक हलला आणि सभागृहात एकच गलका उठला.

“हलला! तो बघा, तिकडे कोपऱ्यात!”

“एक नाही हो, चांगले चार-पाच आहेत!”

“अरे बाप रे, हे तर चक्क पळतायत!”

फर्निचरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावरचा तो हॉल. एरवी तिथे सोफासेटचं प्रदर्शन भरायचं, त्यामुळे भिंतीवर अजूनही ‘जुना द्या, नवा न्या’ असे फलक लटकत होते. त्याच फलकांखाली लोक आपापली जुनी शरीरं घेऊन बसले होते. खुर्च्या संपल्या म्हणून काही जण मागे उभे होते, मागची जागा संपली म्हणून काही जिन्यात. बहुतेकांच्या मांडीवर एक्स-रेची मोठी पाकिटं. कुणाच्या डोक्याला रुमाल, तर कुणाचा हात सलाईनच्या सुया टोचून टोचून काळानिळा. सगळ्यांचे डोळे मात्र समोरच्या पांढऱ्या पडद्यावर.

पडद्यावर एका निवृत्त बँक मॅनेजरांचं रक्त होतं. म्हणजे तसं सांगण्यात आलं होतं.

थोड्या वेळापूर्वी याच पडद्यावर त्यांच्या रक्ताचा पहिला थेंब दाखवला होता. त्यात तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून, ताटल्यांची चवड लावावी तशा गप्प पडून होत्या. “बघा, सैन्य घोरतंय! आणि शत्रू आत घुसून संसार थाटतोय!” असं ऐकल्यावर मॅनेजरसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मग त्यांना खुर्चीत बसवून डोळे मिटायला लावलं, सगळ्या सभागृहाकडून “उठा, सैनिकहो, उठा!” अशा घोषणा म्हणवून घेतल्या, आणि त्यांच्या बोटातला दुसरा थेंब ‘जागृतीजला’त टाकून सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा, कॅमेऱ्याला पडदा.

आता पडद्यावर चपलेच्या तळव्याच्या आकाराचे लांबट, पारदर्शक जीव गिरक्या घेत सुसाट धावत होते. लाल ठिपक्यांचा एक पुंजका दिसताच ते त्याच्यावर तुटून पडले. ठिपके त्यांच्या पोटात गेले. बघता बघता पोटातले काही ठिपके निळे झाले.

“लाल म्हणजे कर्कपेशी!” माईकवरून आवाज घुमला. “आणि निळी झाली की?”

“खलास!” सभागृह ओरडलं.

मॅनेजरसाहेब स्वतःच्याच रक्ताला हात जोडून उभे होते.

माईकवाल्या गृहस्थांना सगळे ‘सेनापती’ म्हणत. अंगात डॉक्टरांचा पांढरा कोट आणि त्या कोटाच्या खांद्यांवर सोनेरी झालरीच्या पट्ट्या. म्हणजे छातीपर्यंत डॉक्टर आणि खांद्यावर बँडवाला. त्यांची मदतनीस होती, तिला ‘कॅप्टन मॅडम’ म्हणायचं. पावत्या फाडायचं काम ‘रसद विभागा’कडे.

“हॉस्पिटलवाले काय करतात?” सेनापती रंगात आले होते. “घरात उंदीर शिरला तर घरावरच बॉम्ब टाकतात! आणि हल्ली त्यांनी नवीन टूम काढलीय, इम्युनोथेरपी! म्हणे शरीराच्याच ताकदीने कॅन्सर मारायचा. अहो, ही विद्या कुणाची? माझी! माझी विद्या बाटलीत भरली, वर दुष्परिणाम फुकट! मी तेच करतो, पण कसं? विनासुई, विनावेदना, क्वांटम कंपनांनी! आणि गुण किती? शंभर टक्के!”

बोटाला सुई टोचूनच तर सगळा खेळ चालला होता. पण ‘शंभर टक्के’ कानावर पडलं की माणसाला सुईसुद्धा दिसत नाही.

माझ्या शेजारी भाऊजी बसले होते. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. त्यांच्या पलीकडे ताई. तिने माझ्याकडे मान वळवून हळूच विचारलं, “काय गं? तुझं तोंड असं का झालंय?”

मी म्हटलं, “घरी गेल्यावर सांगते.”

कारण माझं तोंड ‘असं’ होण्याचं कारण मोठ्याने सांगितलं असतं तर जिन्यातल्या लोकांनी मला उचलून खाली टाकलं असतं.

*

ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. ती पोहायला शिकवते. तलावाच्या काठावर अनवाणी उभं राहून तिने अर्ध्या गावाची पोरं पाण्यात ढकलली आणि तितकीच वर काढली. तिचा आवाज असा की तिने “श्वास सोड!” म्हटलं की रस्त्यावरून जाणारा माणूसही श्वास सोडेल. तिच्या तळपायावर एक काळा डाग आला, तेव्हा ती म्हणाली, “फरशीवर घासलं असेल.” डाग वाढला तेव्हाही फरशीलाच दोष दिला. शेवटी त्यातून रक्त यायला लागलं तेव्हा ती डॉक्टरांकडे गेली. तो मेलेनोमा निघाला. त्वचेचाच कॅन्सर, पण अत्यंत डांबरट जातीचा. पायावरचा डाग कापून काढेपर्यंत त्याने फुफ्फुसात ठिपके पाठवून दिले होते.

कॅन्सरच्या डॉक्टरीण बाई वयाने तरुण, बोलायला सरळ. त्यांनी ताईला आणि भाऊजींना समोर बसवून सांगितलं, “या प्रकाराला नेहमीची केमो फारशी दाद देत नाही. आपण इम्युनोथेरपी देऊ.”

“म्हणजे प्रतिकारशक्ती वाढवायची?” भाऊजींनी विचारलं.

“वाढवायची नाही. तिची फसवणूक थांबवायची. असं समजा, तुमच्या सोसायटीला रखवालदार आहे. चांगला धडधाकट, जागा आहे. पण चोर आत शिरताना त्याला खोटं ओळखपत्र दाखवतो, ‘मी इथलाच आहे.’ रखवालदार सलाम ठोकतो आणि सोडतो. कॅन्सरच्या पेशी हेच करतात. हे औषध ते ओळखपत्र चालू देत नाही. मग रखवालदार आपलं काम करतो.”

“वा!” भाऊजी खूश झाले. “म्हणजे बरी होणार ना ही?”

“काही जणांमध्ये गाठी खूप कमी होतात, काहींमध्ये वर्षानुवर्षं दबून राहतात. काहींवर काहीच परिणाम होत नाही. तळपायावरचा मेलेनोमा जरा जास्त हट्टी असतो. यांचं काय होईल ते मला आत्ता माहीत नाही. आणि एकदा रखवालदार कडक झाला की कधी कधी तो घरच्या माणसांनाही धरतो. थायरॉईड, आतडी, यकृत, कशालाही सूज येऊ शकते. त्याकडे लक्ष ठेवावं लागेल.”

भाऊजी विम्याच्या कचेरीत काम करतात. आयुष्यभर त्यांनी लोकांना धोक्याची शक्यता समजावून सांगितली. पण स्वतःच्या बायकोच्या बाबतीत ‘शक्यता’ हा शब्द ऐकला आणि त्यांची पाचावर धारण बसली. घरी आल्यावर ते म्हणाले, “डॉक्टरलाच माहीत नाही म्हणजे काय? मग आपण गेलो कशाला तिच्याकडे?”

त्याच आठवड्यात कचेरीतल्या कुणीतरी त्यांना सेनापतींबद्दल सांगितलं. मी विरोध केला, पण ताईच म्हणाली, “चल गं. बघायला काय जातंय?” म्हणून आम्ही तिघं त्या हॉलमध्ये गेलो होतो.

*

घरी आल्यावर मी चपलाही न काढता सांगून टाकलं, “ते सैनिक म्हणजे पॅरामेशियम आहेत.”

“म्हणजे कुठल्या जातीच्या पांढऱ्या पेशी?” भाऊजी.

“पेशी नाहीत हो! डबक्यातले जीव आहेत. वाळलेलं गवत पाण्यात उकळायचं, गार झालं की डबक्यातलं थोडं पाणी त्यात ओतायचं आणि झाकून ठेवायचं. आठवडाभरात हवे तेवढे सैनिक तयार. मी शाळेत विज्ञान शिकवते की नाही? दर वर्षी मुलांना हेच दाखवते. आणि ते लाल ठिपके म्हणजे बेकरीत वापरतात ते यीस्ट, रंगात उकळलेलं. तो रंग आम्लात निळा होतो. पॅरामेशियमने यीस्ट गिळलं की त्याच्या पोटातलं आम्ल त्या रंगाला निळं करतं. शाळेतला प्रयोग आहे हा!”

“मग रक्त कुठे गेलं? मॅनेजरांनी बोट दाबलेलं मी स्वतः पाहिलं.”

“साध्या पाण्यात पडलं की तांबड्या पेशी पाणी पिऊन फुगतात आणि फुटतात. पडदा स्वच्छ होतो. तो म्हणतो, घाण गेली. अहो, गेलं ते रक्त! आणि पहिल्या थेंबातल्या त्या चिकटलेल्या पेशी म्हणाल, तर काचेवर थेंब थोडा वेळ ठेवला की कुणाच्याही चिकटतात. तुमच्या, माझ्या, त्या सेनापतींच्यासुद्धा.”

भाऊजींना पटेना. मी दुसऱ्या दिवशी त्यांना शाळेच्या प्रयोगशाळेत नेलं. बरणीतला थेंब काचपट्टीवर घेतला आणि त्यांचा डोळा सूक्ष्मदर्शकाला लावला. ते बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, जिंकले.

डोळा बाजूला करून ते म्हणाले, “दिसायला तसेच आहेत. पण हे डबक्यातले. ते रक्तातले.”

“भाऊजी!”

“तुला सगळंच खोटं वाटतं. तुझा स्वभावच आहे तो. एवढे शिकलेले लोक येतात तिथे, एक तर इंजिनिअर होता माझ्या मागे. सगळे मूर्ख आणि तू एकटी शहाणी?”

संध्याकाळी ताईकडे तक्रार केली, तर तिने मला वेगळंच ऐकवलं. ती पाय उशीवर ठेवून पडली होती.

“तुला खोटं म्हणायला काय जातं गं?” ती शांतपणे म्हणाली. “गाठी माझ्या फुफ्फुसात आहेत. शंभर टक्के म्हणणारा एक माणूस भेटला. तो खरा असावा असं मला वाटतं, यात माझं काही चुकलं का?”

मी तिच्या पायाशी बसले.

“चुकलं नाही,” मी म्हटलं. “पण तो हॉस्पिटलचे उपचार बंद करायला लावतोय. पावतीच्या मागे छापलंय, ‘एका सैन्याला दोन सेनापती चालत नाहीत.’ पुढच्या आठवड्यात तुझी पहिली ड्रिप आहे, ताई.”

ती उठून बसली.

“रविवारी माझं नाव दे मंचावर जायला,” ती म्हणाली. “खरं असेल तर खरं दिसेल. खोटं असेल तर ते मला पोरांसारखं काठावरून नाही बघायचं. पाण्यात उतरून बघायचंय.”

*

रविवारी हॉल आणखी भरला होता. मॅनेजरसाहेब आता पहिल्या रांगेत ‘बरे झालेले’ म्हणून मिरवत होते. त्यांच्या चेहऱ्याचा रंग मागच्या वेळेपेक्षा पिवळट होता, पण ते कुणी बघत नव्हतं. त्यांच्या मागे एक तिशीतली बाई बसली होती, नवऱ्याचं डोकं खांद्यावर घेऊन. तो माणूस इतका बारीक झाला होता की मांडीवरचं एक्स-रेचं पाकीटही त्याला जड होत असावं.

ताई मंचावर गेली. कॅप्टन मॅडमनी बोट टोचलं. पहिला थेंब पडद्यावर आला. पेशी चिकटलेल्या, गप्प.

“हाय हाय हाय!” सेनापतींनी कपाळाला हात लावला. “या ताईसाहेबांचं सैन्य तर कोमात आहे! हॉस्पिटलात गेला होतात?”

“गेले होते.”

“तरीच!” सभागृह हळहळलं.

घोषणा झाल्या. ताईने डोळे मिटले नाहीत, एवढं मी बघितलं. कॅप्टन मॅडमनी नवी काचपट्टी घेतली, तिच्यावर जागृतीजलाचा थेंब सोडला आणि ती ताईसमोर धरली, तिने वरून बोट दाबावं म्हणून. तेवढ्यात मी मागच्या रांगेत उभी राहिले.

“सेनापती, एक शंका आहे. या नुसत्या जलात काय दिसतं?”

असल्या शंकांची त्यांना सवय असावी. ते गोड हसले. “काय दिसणार, बाई? काही नाही! कोरा पडदा! जल निर्जीव आहे. ते फक्त बिगूल आहे, बिगूल! सैन्य तुमच्या रक्तात आहे. बिगुलातून कधी सैनिक बाहेर पडलेत का?”

टाळ्या पडल्या. त्या टाळ्या सुरू असतानाच ताईने कॅप्टन मॅडमच्या हातातून काचपट्टी काढून घेतली आणि, बोट न लावता, सरळ सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

“अहो, अहो, थांबा! रक्त घालायचं राहिलं!” कॅप्टन मॅडम धावल्या.

ताईने एक हात आडवा केला. पाण्यात हातपाय मारणाऱ्या मोठमोठ्या माणसांना तिने त्याच हाताने काठावर आणलं होतं. कॅप्टन मॅडम तिथेच थांबल्या.

पडदा क्षणभर धूसर झाला. मग चित्र स्पष्ट झालं. गिरक्या घेत, धडका मारत, लाल ठिपके गिळत, सैन्य पूर्ण जोमात धावत होतं.

सवयीने मागच्या लोकांनी टाळ्या सुरू केल्या. “उठले! उठले!” पण पुढच्या रांगांतून टाळ्या येईनात, तेव्हा त्या मागेही विरल्या.

ताईने आपलं टोचलेलं बोट वर केलं. त्यावर रक्ताचा थेंब तसाच होता, टपोरा.

“माझं रक्त अजून माझ्याच बोटावर आहे,” ती म्हणाली. तिला माईकची गरज नव्हती. “मग हे सैनिक कुणाचे? आणि माझा कॅन्सर त्या बाटलीत कसा गेला?”

कुणाच्या तरी हातातून एक्स-रेचं पाकीट खाली पडलं.

सेनापती मात्र गडबडले नाहीत. या लोकांचं मला खरंच कौतुक वाटतं, जमीन पायाखालून सरकली तरी ते त्या सरकत्या जमिनीवर नाचून दाखवतात. “बघा!” ते ओरडले. “पाहिलंत? ताईसाहेबांच्या नुसत्या उपस्थितीने! रक्ताचा स्पर्शही न होता! क्वांटम! ही आजवरची सर्वात प्रबळ जागृती!”

आणि खोटं कशाला सांगू, निम्म्या सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मॅनेजरसाहेब तर उभे राहिले.

मी मंचावर चढले. पिशवीतून शाळेची बरणी काढली. तिच्यावर मुलांनी चिकटवलेली चिठ्ठी होती: ‘सातवी ब. हात लावू नये.’ मी थेंब घेतला, काचपट्टी बदलली. पडद्यावर तेच सैन्य.

“ही उपस्थिती कुणाची?” मी विचारलं. “ही बरणी माझ्या वर्गाच्या खिडकीत आठवडाभर एकटीच होती. यात गवताचा काढा आणि डबक्याचं पाणी आहे. या जिवांना पॅरामेशियम म्हणतात. लाल दिसतंय ते बेकरीतलं यीस्ट, रंग लावलेलं. माझे विद्यार्थी हा प्रयोग करतात आणि त्यांना दहापैकी गुण मिळतात. यांना किती मिळतात ते रसद विभागाला विचारा.”

जिन्यातून कुणीतरी खो खो हसलं. दुसऱ्याने त्याला साथ दिली. “सातवी ब!” एक म्हातारे गृहस्थ डोळे पुसत म्हणाले. “अहो, मी मागच्या वेळी याला नमस्कार केला! सातवी ब च्या डबक्याला!” मग हसणं पसरत गेलं. सेनापतींनी मंत्र, क्वांटम, देशद्रोह, सगळं म्हणून पाहिलं, पण हसणाऱ्या माणसाला भीती घालता येत नाही. त्यांच्या खांद्यावरची एक पट्टी सुटून लोंबत होती आणि ती सावरायला कॅप्टन मॅडम जागेवर नव्हत्या. त्या मागच्या दाराने केव्हाच रसदीसह माघार घेऊन गेल्या होत्या.

सगळेच हसले नाहीत. ती तिशीतली बाई नवऱ्याचं डोकं अलगद खुर्चीच्या पाठीवर टेकवून पुढे आली. ती ओरडली नाही.

“तुम्ही यांच्या गोळ्या बंद करायला सांगितल्यात,” ती सेनापतींना म्हणाली. “मी बंद केल्या. मी माझ्या हाताने फेकून दिल्या त्या. आता काय करू ते सांगा.”

दोन तास अखंड बोलणाऱ्या सेनापतींनी घड्याळात बघितलं. मी आयुष्यात पाहिलेली ती सर्वात घाणेरडी हालचाल.

ताईने त्या बाईचा हात धरला. “आत्ता माझ्याबरोबर चल,” ती म्हणाली. “तुझ्या डॉक्टरांना सगळं खरं सांगू. ते रागावतील. रागावू देत.”

*

पोलिसात तक्रार झाली. तक्रार द्यायला मात्र फार थोडे जण आले. बाकीच्यांना, डबक्याला हात जोडले हे लिहून द्यायची लाज वाटली असावी. मॅनेजरसाहेब तर म्हणाले, “ते काहीही असो, मला बरं वाटत होतं हे खरं.” महिन्याभराने त्यांची कावीळ वाढली तेव्हा त्यांच्या मुलाने त्यांना उचलून हॉस्पिटलात नेलं.

ताईच्या ड्रिप सुरू झाल्या. मी पहिल्या दिवशी तिच्याबरोबर गेले. कसली घोषणा नाही, पडदा नाही. एक नर्स, एक स्टँड, पाण्यासारखं औषध थेंब थेंब उतरतंय. भाऊजी त्या नळीकडे टक लावून बसले होते.

“यात काहीच दिसत नाही,” ते पुटपुटले.

“काय दिसायला हवं होतं?” ताईने विचारलं. “सैनिक?”

ते ओशाळून हसले. मग एकदम रडले. ताईने ड्रिप नसलेल्या हाताने त्यांच्या डोक्यावर थोपटलं.

पुढचे महिने सोपे गेले नाहीत. डॉक्टरीण बाईंनी सांगितलं होतं तसा रखवालदार घरच्यांवर चालून गेला. आधी ताईचं थायरॉईड बंद पडलं. त्याची गोळी आता जन्मभराची. मग आतड्याला सूज आली, जुलाब थांबेनात, हॉस्पिटलात ठेवावं लागलं, स्टिरॉइड द्यावी लागली. औषध मध्येच थांबवलं. भाऊजी तेव्हा माझ्यावर भडकले, “बघ, तुझं विज्ञान!” त्या क्षणी माझ्याकडेही शंभर टक्के उत्तर नव्हतं, आणि असल्याचं सोंग मला आणायचं नव्हतं. सूज उतरल्यावर बाईंनी सगळा हिशोब पुन्हा मांडला आणि जपून औषध पुन्हा सुरू केलं.

त्या तिशीतल्या बाईच्या नवऱ्यालाही उपचार सुरू झाले होते. पण मधला वेळ गेला होता तो गेलाच. ताई हॉस्पिटलात होती त्याच दिवसांत तो वारला. गोळ्या चालू ठेवल्या असत्या तर तो वाचला असता का, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही, कारण ते कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून तर राग जास्त येतो. त्या सेनापती म्हणवणाऱ्या माणसाने फक्त पैसे नाही नेले. त्या बाईच्या मनात जन्मभरासाठी एक ‘जर’ ठेवून गेला.

ताईचं स्कॅन झालं. डॉक्टरीण बाईंनी जुनं आणि नवं चित्र शेजारी शेजारी लावलं. जुन्यात फुफ्फुसात पांढरे ठिपके होते. नव्यात बहुतेक दिसत नव्हते. एक मोठा होता तो लहान होऊन एका कोपऱ्यात बसला होता.

“गेला?” भाऊजींनी श्वास रोखून विचारलं.

“बराचसा गेला. हा एक आहे अजून. कदाचित मेलेला असेल, नुसता व्रण. कदाचित नसेल.”

“मग बरी झाली म्हणायचं का?”

“आटोक्यात आहे म्हणायचं. तीन महिन्यांनी पुन्हा बघू.”

“आणि तीन महिन्यांनी काय असेल?”

“माहीत नाही,” बाई म्हणाल्या.

मी भाऊजींकडे बघितलं. हेच शब्द ऐकून हा माणूस एकदा त्या फर्निचरच्या दुकानाचा जिना चढून गेला होता. त्यांनी खिशातून डायरी काढली.

“बरं,” ते म्हणाले. “तीन महिन्यांनी किती वाजता यायचं?”

वाचकहो, सेनापती जामिनावर सुटलेत, असं ऐकते. आता ते दुसऱ्या गावात दुसऱ्या पट्ट्या लावून उभे असतील. कदाचित या वेळी पेशींना नाही, जनुकांना उठवत असतील. विज्ञान जितकं पुढे जाईल, तितके नवे शब्द त्यांच्या हाती लागणार आहेत. ते शब्द सगळे तुम्हाला समजलेच पाहिजेत असं नाही. मलाही समजत नाहीत. पण एवढं तर आपण कुणीही करू शकतो: चमत्कार दाखवणाऱ्याला म्हणा, माझ्या रक्ताशिवाय दाखव. किती जणांना गुण आला आणि किती जणांना नाही, ते दोन्ही सांग, असं म्हणा. तो चिडला, तर उठून चालायला लागा. आणि ‘माहीत नाही’ हे शब्द ज्याच्या तोंडून कधीच निघत नाहीत, त्याच्या हातात आपलं बोट देऊ नका.